वाळूघाटावर गावाची देखरेख : ग्राम दक्षता समितीत प्रथमच बसणाऱ्यांसाठी

गावाच्या हद्दीतला वाळूघाट लिलावात गेला, की ग्राम दक्षता समितीच्या कागदावर सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल यांची नावे चढतात. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, गावात मात्र जुनेच शब्द चालतात, म्हणून येथेही तेच वापरतो.) अशा समितीत पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाची बहुधा अशी समजूत असते, की रात्री-अपरात्री नदीवर जाऊन ट्रॅक्टर अडवायचे आणि आरडाओरडा करायचा, म्हणजे देखरेख झाली. अशा धावपळीतून फारसे काही हाती लागत नाही आणि जिवाला धोका मात्र होतो. समितीच्या कामाला घाटावर पहिले फावडे पडण्याआधीच सुरुवात व्हावी लागते, आणि त्यातले बहुतेक काम दोरी, टेप आणि वही यांनी होते. हा लेख महाराष्ट्रातील नदीपात्रातल्या लहान घाटांपुरता आहे. खाडीतील हातपाटी-डुबीच्या वाळूचे नियम वेगळे असल्याने ती येथे घेतलेली नाही.

आधी अधिकार कोणाचा, हे पक्के करा

केंद्राच्या खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मध्ये साधी वाळू ही गौण खनिज ठरते, आणि गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम १५ने राज्यांना दिलेला आहे. आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ आहेत, आणि दंडाची खरी धार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम ४८मध्ये आहे. त्या कलमाच्या पोटकलम (७)नुसार विनापरवाना काढलेल्या खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. पोटकलम (८)नुसार वाहन आणि यंत्रसामग्री जप्त होते. हे आदेश जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला, तहसीलदाराहून खालच्या दर्जाचा नसलेला महसूल अधिकारी देतो. पोलीस चोरीचा गुन्हा स्वतंत्रपणे नोंदवू शकतात. गौण खनिजाचा वेगळा कायदा असला तरी चोरीच्या गुन्ह्याला त्याची आडकाठी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

या सगळ्यात ग्रामपंचायतीला वाहन जप्त करण्याचा किंवा दंड वसूल करण्याचा अधिकार कोठेही दिलेला नाही, ही गोष्ट नव्या सरपंचाने मनाशी पक्की बांधावी. ट्रॅक्टर अडवून ग्रामपंचायतीची पावती फाडण्याचा प्रकार काही गावांत चालतो. त्यातून पुढे प्रकरण उलटते आणि तक्रार करणाराच आरोपीच्या जागी बसतो. गावाची ताकद आहे ती पाहण्यात, मोजण्यात, लेखी कळवण्यात आणि कळवल्याचा पुरावा जपण्यात. अधिकार तहसील कार्यालयाचा असला तरी तेथील एका भरारी पथकाकडे शंभराच्या आसपास गावे असू शकतात, त्यामुळे घाटावर रोज डोळा ठेवणे गावालाच शक्य असते.

घाटाची फाइल मिळवा

लिलाव झाला, एवढे ऐकून थांबू नये. तहसील कार्यालयातील गौण खनिज शाखेत ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र देऊन पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात : घाटाचा मंजुरी आदेश व करारनामा, सीमांकनाचा नकाशा आणि चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, पर्यावरण मंजुरी, खाणकाम आराखडा, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा त्या घाटाविषयीचा अहवाल. पत्राची आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यावी. तिच्याशिवाय पत्र दिले आणि न दिले यात फरक राहत नाही. पंधरा दिवसांत प्रती मिळाल्या नाहीत, तर समितीतल्या कोणीही नागरिक म्हणून माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, अर्ज करावा. २००५च्या त्या अधिनियमानुसार उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते, आणि कागदांच्या प्रतींबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही त्यात आहे, ही बाब फार कमी लोक वापरतात.

पर्यावरण मंजुरीचा कागद पाहून घेण्याचे कारण असे, की २७ फेब्रुवारी २०१२च्या दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या निकालापर्यंत पाच हेक्टरहून लहान घाट या मंजुरीतून निसटत असत आणि मोठा घाट कागदावर तुकडे पाडून लहान दाखवण्याची सोय होती. त्या निकालाने ती वाट बंद केली. आज घाट कितीही लहान असला तरी मंजुरी हवी, आणि तिच्यामागे जिल्हा सर्वेक्षण अहवालही हवा. नदी दर वर्षी किती वाळू नव्याने आणून टाकते, याचा पुनर्भरण अभ्यास त्या अहवालात असला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२५चा निर्णय आहे. आपल्या घाटाच्या बाबतीत हा अभ्यास झाला आहे का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारला, तरी पुष्कळ गोष्टी उजेडात येतात.

कागद वाचताना तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवावेत : मंजूर परिमाण किती ब्रास, मंजूर खोली किती मीटर, आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत. पुढचे सगळे काम या तीन आकड्यांभोवती फिरते. याशिवाय चालू वाळू धोरणाचा शासन निर्णयही सोबत ठेवावा, कारण धोरण वारंवार बदलते. २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू विकण्याची पद्धत आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती बाजूला सारून पुन्हा लिलावाची वाट धरली. मागच्या सरपंचांनी सांगितलेला नियम त्या वेळी बरोबर असला तरी आज लागू असेलच, असे नाही.

ग्रामसभेचा ठराव

घाट लिलावात काढण्यापूर्वी ग्रामसभेचे मत मागवले जाते. तो ठराव पुष्कळदा दोन ओळींचा असतो : ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘सर्वानुमते विरोध’. दोन्हींचा उपयोग सारखाच कमी. विरोध असेल तर तो नदीच्या अंगाने मांडावा : पाणीपुरवठ्याची विहीर घाटापासून किती मीटरवर आहे, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पायाजवळ पात्र आजच किती खोल गेले आहे, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता कोणता. संमती असेल तर अटी घालाव्यात : वाहने गावठाणातून न जाता कोणत्या वाटेने जातील, शाळा सुटण्याच्या वेळी वाहतूक थांबेल का, रस्ता उखडला तर दुरुस्ती कोण करील. अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी ही बाब अधिक वजनाची आहे, कारण तेथे १९९६च्या पेसा कायद्याने गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरील पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे.

पूर्वमोजणी

संपूर्ण लेखात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती शिकायला मला एक हंगाम फुकट घालवावा लागला. एका नदीकाठच्या गावी मी समितीत होतो. जानेवारीत उत्खनन सुरू झाले, आणि मार्चमध्ये आम्ही घाटाच्या सीमेबाहेर, बंधाऱ्याच्या बाजूला, पुरुषभर खोल खड्डा पाहिला. तलाठी आले, पंच गोळा झाले, टेप लागला. तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम शांतपणे म्हणाला, “भाऊसाहेब, हा खड्डा मागच्या सालचा आहे, आमचा नव्हे.” खड्डा त्या साली नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण तो नव्हता हे दाखवणारा एकही कागद, एकही तारीख असलेला फोटो आमच्याकडे नव्हता. पंचनाम्यात शेवटी ‘जुना खड्डा असल्याचे सांगण्यात आले’ असे वाक्य आले आणि प्रकरण तेथेच विरले. चूक आमची होती, त्यामुळे चिडायलाही जागा नव्हती.

म्हणून घाटाचा ताबा ठेकेदाराला देण्याच्या दिवशी, किंवा त्याच्या आदल्या आठवड्यात, पात्राची मोजणी करावी. मोठी यंत्रे लागत नाहीत. प्लंबर वापरतो तशी पारदर्शक पाण्याची नळी, पन्नास मीटरचा टेप, जाड दोरी, मीटरच्या खुणा केलेला बांबू आणि ऑइल पेंटचा डबा एवढे पुरते. आधी न हलणारी एक खूण निवडावी : पुलाचा खांब, नदीघाटाची दगडी पायरी, जॅकवेलचा चौथरा. तिच्यावर रंगाने आडवी रेघ मारावी. ही रेघ म्हणजे आपले शून्य. मग घाटाच्या लांबीत दर पंचवीस मीटरवर, या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून, दर पाच मीटरवर वाळूचा पृष्ठभाग त्या रेघेपासून किती खाली आहे ते नळीने (तिच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत राहते) पाहावे आणि वहीत लिहावे. दोनशे मीटर लांबीच्या घाटाला अशा नऊ आडव्या ओळी होतात आणि चार माणसांचे एक दिवसाचे काम असते.

ही मोजणी घाटाच्या सीमेबाहेरही दोन्ही बाजूंना निदान शंभर मीटर न्यावी, कारण चोरी बहुधा मंजूर चौकोनाच्या कडेलगत होते. आत मोजमाप होणार हे सर्वांना माहीत असते. प्रत्येक ओळीवर उभे राहून तारीख-वेळ-स्थान उमटणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो घ्यावेत. जुने खड्डे असतील, तर त्यांची लांबी, रुंदी, खोली आणि जागा वेगळ्या पानावर लिहावी. वहीच्या शेवटी समितीच्या सर्व सदस्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि ठेकेदाराच्या माणसालाही सही करायला सांगावे. त्याने नकार दिला तर ‘समक्ष हजर, सहीस नकार’ असे लिहून दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात. एक छायाप्रत त्याच दिवशी तहसीलमध्ये पोच घेऊन द्यावी. एवढे केले, की ‘मागच्या सालचा खड्डा’ हे वाक्य पुन्हा ऐकावे लागत नाही.

घाटावर गेल्यावर काय पाहावे

वाळूउपशाबाबत केंद्राची २०१६ आणि २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांतील मुख्य मर्यादा अशा : खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांत जे कमी असेल तेवढीच, काठापासून नदीच्या रुंदीच्या एक चतुर्थांश अंतर सोडायचे, आणि ते साडेसात मीटरहून कमी असता कामा नये. पूल किंवा पाणी उचलण्याची जागा असेल, तर तिच्या वरच्या अंगाला पुलाच्या लांबीच्या पाचपट व निदान २५० मीटर, आणि खालच्या अंगाला दहापट व निदान ५०० मीटर अंतर सोडायचे. आपल्या घाटाच्या मंजुरीत बहुधा याहून कडक आकडे असतात, विशेषतः खोलीचे. तेथे मंजुरीतलाच आकडा धरावा. वाहत्या पाण्यातून उपसा चालत नाही. पावसाळ्यात, म्हणजे १० जून ते ३० सप्टेंबर या काळात, उत्खनन बंद असते. सूर्यास्तानंतरही पात्रात काम चालू नये. वाहतुकीची वेळ धोरणागणिक बदलू शकते, पण पात्रात रात्री यंत्र चालू दिसले तर त्याचा अर्थ एकच असतो.

पाण्याच्या पातळीची अट नव्या माणसाला क्षुल्लक वाटते. ती तशी नाही. वाळूचा थर हा नदीचा पाणीसाठा असतो. वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत पावसाचे पाणी धरून ठेवले जाते आणि काठच्या विहिरी त्यावर उन्हाळाभर चालतात. थर उकरून खालचे पाणी उघडे पडले, की खड्ड्यात डबके साचते, त्याचे बाष्पीभवन होते, आणि विहिरीचे पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते. म्हणून खड्ड्याच्या तळाशी पाझर दिसू लागला, तर टेप तीन मीटर न दाखवताही मर्यादा संपलेली असते. एप्रिलमध्ये अशा खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, तर खालची ओली, काळपट वाळू आणि वरची पांढरट कोरडी वाळू यांची रेघ साध्या डोळ्यांनी दिसते. त्या रेघेचा टेप लावून घेतलेला फोटो पंचनाम्यात फार कामाला येतो.

पाण्याखालची वाळू ओढून काढणारा सक्शन पंप दिसला तर वाद घालू नये. पंप, त्याची नळी आणि पाण्यातील तराफा यांचा लांबून, झूम करून फोटो घ्यावा आणि निघून यावे.

ब्रासचा हिशोब

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचे वजन ब्रासला साधारण साडेचार टन भरते. तीन मोजमापे प्रत्येकाला आली पाहिजेत.

वाहनाचे : हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि शंभरने भागावे. बारा फूट लांब, साडेसहा फूट रुंद हौद्यात तीन फूट वाळू असेल, तर ती २३४ घनफूट, म्हणजे २.३४ ब्रास. वाहतुकीचा पास दोन ब्रासचा असेल, तर प्रत्येक खेपेला पाव ब्रासहून अधिक वाळू हिशोबाबाहेर जाते, आणि ही गळती रात्रीच्या चोरीपेक्षा अधिक शांतपणे चालते.

खड्ड्याचे : लांबी, रुंदी आणि निदान पाच जागी घेतलेल्या खोलीची सरासरी. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल खड्डा म्हणजे ९०० घनमीटर, म्हणजे सुमारे ३१८ ब्रास.

ढिगाचे : गोल ढिगाच्या मध्यावर चढून मापणे अवघड असते, म्हणून बुडाचा घेर दोरीने घ्यावा. घेर गुणिले घेर गुणिले उंची, भागिले ३७.७, हे उत्तर घनफुटांत येते. साठ फूट घेर आणि आठ फूट उंचीचा ढीग सुमारे ७६४ घनफूट, म्हणजे साडेसात ब्रासहून थोडा अधिक भरतो.

येथे एक सावधगिरी हवी, कारण घाईने केलेला आरोप समितीची पत घालवतो. पात्रात दबून बसलेली वाळू उकरली की फुगते. किंचित ओली बारीक वाळू तर कोरडीपेक्षा पाव भागाहून अधिक जागा व्यापू शकते, आणि पूर्ण भिजली की पुन्हा खाली बसते. म्हणून खड्ड्यातून ३१८ ब्रास निघाले आणि वाहनांच्या नोंदीत ३७० ब्रास आले, एवढ्यावरून लगेच चोरी सिद्ध होत नाही. मात्र वाहनांच्या पासची बेरीज १५० ब्रास आणि खड्डा ३१८ ब्रासचा, हे कोणत्याही फुगण्याने समजावता येत नाही. खड्डा पासपेक्षा मोठा असेल, तेव्हाच बोट ठेवावे.

रोजची नोंदवही आणि पास

प्रत्येक खेपेला शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला वाहतूक परवाना, ज्याला सगळे ई-टीपी किंवा नुसते पास म्हणतात, वाहनासोबत असावा लागतो. त्यावर वाहन क्रमांक, परिमाण, कोठून कोठे, आणि परवान्याची मुदत असते. एकाच पासवर दोन-तीन खेपा मारणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. अंतर पंधरा किलोमीटर असताना पासची मुदत मोठी मिळाली, की त्या वेळेत वाहन दोनदा जाऊन येते. त्यावर उपाय सोपा आहे : गावातून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर कोतवालाने किंवा समितीने ठरवलेल्या माणसाने वाहन अडवू नये, हात करू नये, केवळ क्रमांक आणि वेळ लिहावी. एका वाहनाचा क्रमांक सकाळी ८.१०, १०.४० आणि १.१५ असा तीनदा आला, आणि तहसीलमधून मिळालेल्या यादीत त्याचा पास एकच निघाला, तर आणखी काही सिद्ध करण्याची गरज उरत नाही.

पासचा हिशोब मुदतीच्या अंगानेही पाहावा. घाट ३,००० ब्रासचा आणि दोन ब्रासची वाहने रोज ४० खेपा मारत असतील, तर ३८ दिवसांच्या आत मंजूर परिमाण संपते. त्यानंतर घाटाची मुदत शिल्लक असली तरी उत्खननाचा हक्क शिल्लक नसतो. चाळिसाव्या दिवशी घाट जोरात चालू असेल, तर समितीने त्याच दिवशी पत्र द्यावे. नोंदवहीचे पान रोज संध्याकाळी बंद करावे, खाली बेरीज लिहावी, दोन सह्या घ्याव्यात. आठवड्याने एकदम भरलेली वही कोणी मानत नाही, आणि एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेली पाने लगेच ओळखू येतात.

गैरप्रकार दिसल्यावर

पात्रात एकट्याने उतरू नये. वाळूच्या वाहनापुढे उभे राहून जखमी झालेले, जीव गमावलेले महसूल कर्मचारी या राज्यात आहेत. सरकारी माणसाची ही गत होते, तेथे सदस्याने धाडस दाखवण्यात अर्थ नाही. वाळूतस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१च्या एमपीडीए कायद्यात सुधारणा करून त्यांचा समावेश करावा लागला, यावरून हा धंदा कोणत्या थराला गेला आहे, ते कळावे. आधी तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांना फोन करावा, लगेच त्याच मजकुराचा संदेश पाठवावा म्हणजे वेळेची नोंद राहते, आणि मारहाणीचा धोका असेल तर ११२ वर कळवावे.

पंचनामा तलाठी करतात. पंच म्हणून बसणाऱ्या गावकऱ्याने तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात जागेच्या चतुःसीमा, आपल्या रंगाच्या रेघेपासूनचे अंतर, लांबी-रुंदी-खोलीचे आकडे, वाहनाचा आणि इंजिन-चासीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि नेमकी वेळ आहे की नाही, ते पाहावे. ‘अंदाजे’ हा शब्द आला, की तेथे टेप लावायला सांगावे. ‘एक मोठा खड्डा’ असे वाक्य दंडाच्या आदेशात टिकत नाही, कारण बाजारमूल्याची पाचपट काढायची तर आधी ब्रास ठरावे लागतात. जप्त वाहन ४८ तासांत जिल्हाधिकाऱ्यांसमोर किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर आणावे लागते, आणि दंड भरून व पुन्हा असा वापर करणार नाही असे जातमुचलक्याचे बंधपत्र देऊन ते सुटू शकते. म्हणून गेल्या महिन्यात पकडलेला ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर दिसला, एवढ्यावरून कोणी पैसे खाल्ले, असे समजू नये; तोच ट्रॅक्टर पुन्हा नदीत दिसला तर मात्र बंधपत्राच्या भंगाचा मुद्दा लेखी मांडावा.

तहसीलकडून हालचाल झाली नाही, तर तक्रारीची पोच जोडून उपविभागीय अधिकारी आणि मग जिल्हाधिकारी अशा क्रमाने जावे. नदीचे नुकसान मोठे असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तेथेही पहिल्या दिवशीची मोजणी आणि पोच घेतलेली पत्रे हीच विचारली जातात.

गावाची स्वतःची गरज

देखरेख करणाऱ्या समितीने गावातल्या माणसालाच चोर ठरवू नये, यासाठी हा भाग लिहितो. केंद्राच्या १५ जानेवारी २०१६च्या अधिसूचनेत काही कामांना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे : कुंभारांनी हाताने काढलेली माती किंवा वाळू, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने हटवणे, आणि वैयक्तिक वापरासाठी किंवा गावाच्या सामूहिक कामासाठी ग्रामपंचायतीच्या हद्दीतून परंपरेने घेतली जाणारी वाळू. मात्र ही सूट पर्यावरण मंजुरीपुरती आहे. महसूल विभागाची परवानगी त्यामुळे आपोआप मिळत नाही, आणि काढलेली वाळू विकली, की सूट संपते. शेतातली वाळू काढायची असेल, तर शेतकऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज करावा, आणि समितीने ‘शेतातली वाळू’ या नावाखाली नदीतली भरली जात नाही ना, ते पाहावे. शेतावर साचलेली वाळू दोन-चार दिवसांत संपते. महिनाभर शेतातून वाळू निघत असेल, तर ती शेतातली नसते.

२०२५च्या धोरणात घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे. गावातल्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसेवकाकडे असते. कोणाला किती मिळाली, हे त्याच नोंदवहीत शेवटच्या पानांवर लिहावे. घरकुलाच्या नावाने निघालेली वाळू शहराच्या वाटेला लागल्याचे याच पानांवरून उघडकीस येते.

घाट बंद झाल्यावर

मुदत संपली, की आठ दिवसांत सीमेच्या आतल्या आणि बाहेरच्या त्याच सर्व ओळींवर, त्याच रंगाच्या रेघेपासून, त्याच नळीने पुन्हा मोजणी करावी. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतली वजाबाकी म्हणजे काढलेली वाळू. ती पासच्या बेरजेशी ताडून पाहावी आणि एक पानाचा अहवाल तहसीलला द्यावा. ठेकेदाराने उकरलेले खड्डे सपाट केले का, वाहतुकीने खचलेला काठ बांधला का, हेही त्यातच लिहावे, कारण त्याची सुरक्षा ठेव परत देण्याचा निर्णय त्यानंतर होतो आणि ठेव परत गेल्यावर खड्डे बुजवायला कोणी येत नाही.

तिसरी मोजणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी उतरले की करावी. ही बहुतेक समित्या करत नाहीत, कारण तोवर घाटाचा विषय थंडावलेला असतो. उन्हाळ्यात एक मीटर खाली गेलेली ओळ पुरानंतर पुन्हा वर आली असेल, तर नदीने वाळू भरून दिली. वीस सेंटीमीटरच आली असेल, तर पुढच्या लिलावाचे पत्र येताच ग्रामसभेपुढे ठेवायला तीच वही पुरे होते. रंगाची रेघ पुराने पुसट झालेली असते, तेव्हा त्याच दिवशी तिच्यावर नवा हात फिरवून यावे.